कोळ्यांची गावं, चित्रकारांची घरं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपची सहल आखताना लंडन-पॅरिसनंतर एखादं शांत, समुद्राकाठचं ठिकाण हवं असतं, तेव्हा या गावांची नावं पुढे येतात. सेंट आइव्ह्ज, न्यूलिन, स्कागेन, कोल्यूर. पाठोपाठ प्रश्नही येतात. सर्वाधिक विचारले जाणारे प्रश्न आणि त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. माझा आग्रह एकच आहे: ही गावं नुसती ‘कलावंतांची’ म्हणून बघू नका. तिथली चित्रं मासेमारीतून आली आहेत. धक्का, जाळी आणि खारवलेला मासा बाजूला ठेवला तर निम्मं चित्र कळतच नाही.

ही गावं नेमकी कुठे आहेत?

सेंट आइव्ह्ज आणि न्यूलिन इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला, कॉर्नवॉलमध्ये आहेत आणि एकमेकांपासून जवळ आहेत. स्कागेन डेन्मार्कच्या अगदी उत्तर टोकाला आहे. कोल्यूर फ्रान्सच्या दक्षिणेला, स्पेनच्या सीमेलगत, भूमध्य समुद्रावर आहे. अशी गावं आणखीही आहेत. पण चार दिवस खर्चून जावं, तिथली चित्रं समजून घ्यावीत आणि ताजा मासाही खावा, असा विचार असेल तर मी या चारांपासून सुरुवात करायला सांगेन.

चित्रकारांना याच गावांत जावंसं का वाटलं?

कारणं व्यवहारातली होती. पहिलं कारण स्वस्ताई. दुसरं रेल्वे. सेंट आइव्ह्जची शाखा रेल्वे १८७७ मध्ये सुरू झाली. ती मुळात मासे बाहेर नेण्यासाठी उपयोगी पडली, पण येताना माणसं घेऊन आली. तिसरं कारण म्हणजे ट्यूबमधले तैलरंग. ते १८४० च्या दशकात बाजारात आले आणि स्टुडिओ सोडून थेट किनाऱ्यावर कॅनव्हास उभा करणं सोपं झालं. फ्रान्समध्ये शिकलेले तरुण चित्रकार फ्रान्सच्याच ब्रिटनी प्रांताच्या किनाऱ्यावर उघड्यावर रंगवायला शिकले आणि तीच सवय घेऊन कॉर्नवॉलमध्ये आले.

चौथं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे मासेमारीची उतरती कळा. सेंट आइव्ह्जची सगळी भिस्त पिल्चर्डवर होती. पिल्चर्ड म्हणजे आपल्या तारलीच्याच कुळातला मासा. त्याची पकड आपल्या रापणीसारखीच चाले. टेकडीवर एक टेहळ्या बसे. पाण्यावर माशांच्या थव्याची लालसर छाया दिसली की तो ‘हेव्वा, हेव्वा’ ओरडे आणि दोन्ही हातांनी इशारे करून होड्यांना वाट दाखवे. होड्या थव्याभोवती जाळं टाकत. मग बायका तळघरांत मीठ आणि मासे यांचे थर रचत. त्यातून गळणारं तेल दिव्यासाठी जाई आणि पिंपात दाबलेला मासा उपवासाच्या दिवसांसाठी इटलीला निघे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत हे थवे येणं जवळपास थांबलं. जाळी आणि शिडं ठेवायचे मोठे माळे रिकामे पडले. उंच छत, भरपूर उजेड, समोर समुद्र आणि भाडं नगण्य. चित्रकाराला आणखी काय हवं असतं?

तिथला उजेड खरंच वेगळा आहे का?

आहे. सेंट आइव्ह्ज जवळजवळ तिन्ही बाजूंनी पाण्याने वेढलेलं आहे आणि तिथली वाळू फिकट आहे. उजेड वरून येतो तसाच पाण्यावरून आणि वाळूवरून उलटूनही येतो. सावल्या काळ्या पडत नाहीत, त्यात निळा आणि हिरवा मिसळलेला दिसतो. स्कागेनला दोन समुद्र एकत्र येतात आणि गाव इतकं उत्तरेला आहे की जूनअखेर सूर्य रात्री दहानंतर मावळतो. पुढे तासभर आकाश, पाणी आणि वाळू एकाच निळ्या छटेत विरघळलेली असतात. कोल्यूरचा उजेड अगदी निराळा, सोनेरी आणि प्रखर. चित्रकार आंद्रे दरँने १९०५ मध्ये तिथून लिहिलेल्या पत्रात म्हटलं होतं की हा उजेड सावल्याच पुसून टाकतो.

एकाच गावाला वेळ असेल तर कुठे जावं?

स्कागेनला. पोहोचायला सर्वांत वेळखाऊ गाव हेच आहे, तरीही.

कारण सरळ आहे. इथे रंगवलेली चित्रं इथेच आहेत. स्कागेन्स म्युझियमची स्थापना १९०८ मध्ये ब्रोंडुम हॉटेलच्या जेवणघरात झाली आणि १९२८ मध्ये त्याची स्वतंत्र इमारत उघडली. हॉटेल समोरच आहे. उन्हाळ्यात चित्रकार तिथे उतरत, एकमेकांची व्यक्तिचित्रं काढत आणि ती जेवणघराच्या लाकडी भिंतीत बसवली जात. ते अख्खं जेवणघर आता म्युझियममध्ये हलवलं आहे. तिथे उभं राहिलं की शंभराहून अधिक वर्षांपूर्वी कोण कोणाशेजारी जेवायला बसत असेल याचा अंदाज येतो.

मिकाएल अँकर १८७४ मध्ये इथे आला. त्याचं नाव झालं ते १८७९ च्या एका मोठ्या चित्राने. तेल लावलेल्या जलरोधक कपड्यांतले कोळी किनाऱ्यावर दाटीने उभे आहेत आणि संकटातलं जहाज भूशिराला वळसा घालू शकेल का, हे बघताहेत. जहाज चित्रात नाहीच. सगळं त्यांच्या चेहऱ्यांवर वाचायचं. त्या काळी स्कागेनला बंदर नव्हतं, ते १९०७ मध्ये झालं. तोवर होड्या वाळूवर ओढून घ्याव्या लागत आणि वादळात अडकलेल्या जहाजाला वाचवायला हेच कोळी समुद्रात उतरत.

पेदर सेवेरिन क्रोयर १८८२ मध्ये आला. त्याचं १८९३ चं संध्याकाळचं चित्र अनेकांनी कॅलेंडरवर पाहिलेलं असतं: दोन बायका निळ्या किनाऱ्यावरून पाठमोऱ्या चालल्या आहेत. त्यातली एक त्याची बायको मारी, दुसरी आना अँकर.

आणि आना अँकर हे स्कागेनला जायचं माझं मुख्य कारण आहे. बाकी सगळे बाहेरून आले, ती तिथलीच. ब्रोंडुम हॉटेलवाल्यांची मुलगी, जन्म १८५९. मुलींना कोपनहेगनच्या अकादमीत तेव्हा प्रवेश नव्हता, म्हणून ती खासगी चित्रशाळेत शिकली. १८८० मध्ये मिकाएलशी लग्न झालं तेव्हा तिच्या गुरूने, आता रंगांची पेटी समुद्रात सोडून दे, असा सल्ला दिला अशी गोष्ट सांगतात. तिने चित्रं काढणं थांबवलं नाही. तिची चित्रं छोटी आणि घरातली आहेत. १८९१ च्या एका चित्रात निळ्या भिंतींच्या खोलीत तिची लहान मुलगी हेल्गा पाठमोरी बसून विणकाम करते आहे आणि खिडकीतून आलेलं ऊन भिंतीवर पिवळं पडलं आहे. विषय म्हणाल तर एवढाच. पण त्या भिंतीवरच्या उन्हापुढून पाय निघत नाही. पुढे डेन्मार्कच्या एक हजार क्रोनरच्या नोटेवर आना आणि मिकाएल दोघांचे चेहरे छापले गेले. अँकरांचं घरही म्युझियम झालं आहे. ते चुकवू नका.

चित्रांखेरीज दोन ठिकाणं नक्की बघा. ग्रेनेन हे वाळूचं टोक, जिथे कॅटेगॅट आणि स्कागेराक हे दोन समुद्र समोरासमोर धडकतात. लाटा दोन दिशांनी येऊन एकमेकींवर फुटताना स्पष्ट दिसतात. पाय भिजवा, पण पोहायला उतरू नका. प्रवाह जीवघेणे आहेत आणि पोहण्याला बंदी आहे. दुसरं ठिकाण वाळूत गाडलं गेलेलं चर्च. सरकत्या टेकड्यांची वाळू उपसून लोक दमले आणि १७९५ मध्ये ते बंद केलं. आता वर फक्त पांढरा मनोरा उरला आहे.

सेंट आइव्ह्जला एका दिवसात काय बघून होईल?

गाव लहान आहे, पण एक दिवस कमीच पडतो. दोन रात्री राहा.

टेट सेंट आइव्ह्ज हे कलासंग्रहालय १९९३ मध्ये पोर्थमिओर किनाऱ्यावर, जुन्या गॅस कारखान्याच्या जागी उघडलं आणि २०१७ मध्ये वाढवलं गेलं. आत बघण्यासारखं पुष्कळ आहे. पण त्याच किनाऱ्यावरचे पोर्थमिओर स्टुडिओ मला जास्त जवळचे वाटतात. वरच्या माळ्यांवर चित्रकार आणि खालच्या तळघरांत मच्छीमार, ही मांडणी सव्वाशे वर्षांनंतरही टिकून आहे. खाली जाळी विणली जातात, वर चित्रं होतात. आत जायची संधी रोज मिळत नाही. मिळाली तर सोडू नका.

शिल्पकार बार्बरा हेपवर्थ आणि चित्रकार बेन निकल्सन महायुद्धाच्या तोंडावर, १९३९ मध्ये, इथे आले. हेपवर्थने १९४९ मध्ये ट्रेविन स्टुडिओ घेतला आणि १९७५ मध्ये तिथेच लागलेल्या आगीत तिचा मृत्यू झाला. तिच्या इच्छेप्रमाणे पुढच्या वर्षी तो स्टुडिओ लोकांसाठी खुला झाला. बागेत तिची शिल्पं तिनेच ठरवलेल्या जागी उभी आहेत, त्यांच्या आरपार भोकांतून झाडं आणि आकाश दिसतं. मागच्या कार्यशाळेत छिन्न्या, हातोड्या, कामाचे कोट आणि अर्धवट दगड जसेच्या तसे आहेत. गर्दी बागेत असते. तुम्ही कार्यशाळेच्या काचेपाशी वेळ घालवा.

मातीकाम आवडत असेल तर लीच पॉटरीला जा. बर्नार्ड लीच आणि जपानचे शोजी हमादा यांनी ती १९२० मध्ये सुरू केली आणि जपानी पद्धतीची चढत्या कप्प्यांची भट्टी बांधली. तिथे आजही चाकावर काम चालतं.

आल्फ्रेड वॉलिस हे नाव सारखं कानावर येतं. ते कोण?

सेंट आइव्ह्जमध्ये बघायला निघालेल्या प्रत्येकाने या माणसाची गोष्ट माहीत करून घ्यावी. वॉलिस समुद्रावर राबलेला माणूस. पुढे गावात जुनं लोखंड, दोरखंड आणि शिडं यांची खरेदी-विक्री करत असे. १९२२ मध्ये बायको गेली. त्यानंतर काही वर्षांनी, सत्तरीच्या आसपास, सोबत म्हणून तो चित्रं काढू लागला. शिक्षण शून्य. किराणा दुकानातून मिळालेल्या पुठ्ठ्याचे वेडेवाकडे तुकडे आणि होड्यांना लावायचा रंग, एवढंच साहित्य. पुठ्ठ्याचा आकार असेल तसा समुद्र वाकायचा. जहाज मोठं, घरं लहान, कारण त्याच्या लेखी जहाज महत्त्वाचं. जी जहाजं काळाआड गेली होती तीच तो आठवून काढत होता.

१९२८ मध्ये बेन निकल्सन आणि क्रिस्टोफर वुड गावात फिरत असताना उघड्या दारातून त्यांना भिंतीला खिळ्यांनी ठोकलेली ही चित्रं दिसली. त्या दोघांच्या कामावर त्याचा खोल परिणाम झाला. इंग्लंडच्या आधुनिक चित्रकलेला एका म्हाताऱ्या दर्यावर्दीने दिलेलं हे देणं आहे. वॉलिसला मात्र त्यातून पैसा मिळाला नाही. १९४२ मध्ये तो मॅड्रन इथल्या गरिबांच्या आश्रमगृहात वारला. बेवारशासारखा पुरला जाऊ नये म्हणून चित्रकार मित्रांनी धावपळ केली. टेटच्या वर, बार्नून दफनभूमीत त्याची कबर आहे. तिच्यावर बर्नार्ड लीचने केलेल्या फरशा आहेत: एक दीपगृह आणि त्याच्या दारात शिरणारा लहानसा माणूस. वॉलिसच्या चित्रांचा मोठा संग्रह केंब्रिजच्या केटल्स यार्डमध्ये आहे.

न्यूलिन सेंट आइव्ह्जपेक्षा कमी सुंदर आहे असं ऐकलं. जावं का?

अवश्य जा. न्यूलिन हे कामाचं बंदर आहे, आजही इंग्लंडच्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी एक. ट्रॉलर, बर्फ, डिझेलचा वास, पहाटेचा लिलाव. सजवलेलं काही नाही.

वॉल्टर लँगली इथे १८८२ मध्ये स्थायिक झाला, स्टॅनहोप फोर्ब्स १८८४ मध्ये आला. ओहोटीच्या ओल्या वाळूवर मांडलेला मासळीचा लिलाव फोर्ब्सने रंगवला आणि १८८५ मध्ये तो लंडनच्या रॉयल अकादमीत लागला. आज ते चित्र प्लिमथमध्ये आहे. ओल्या वाळूत आकाशाचं करडं प्रतिबिंब, पुढ्यात चपटे मासे आणि लिलावाभोवती उभी असलेली माणसं. ससून डॉकवर पहाटे गेलेल्या माणसाला हे दृश्य परकं वाटणार नाही. लँगलीने कोळणींचं दुःख रंगवलं, वादळानंतर परत न आलेल्यांची वाट बघणाऱ्या बायका. न्यूलिनच्या या मंडळींची चित्रं बघायची तर शेजारच्या पेन्झान्समधलं पेनली हाउस गाठा.

कोल्यूरला मातिसची चित्रं बघायला मिळतील का?

मूळ चित्रं नाही, आणि हे आधीच माहीत असलेलं बरं. आंरी मातिस १९०५ च्या उन्हाळ्यात इथे आला, पाठोपाठ दरँ आला. नारिंगी शिडकाठ्या, गुलाबी पाणी, लाल जमीन. त्याच शरद ऋतूत पॅरिसच्या प्रदर्शनात ही चित्रं पाहून एका समीक्षकाने या मंडळींना ‘फोव्ह’, म्हणजे रानटी जनावरं, म्हटलं आणि फोव्हिझम हे नाव पडलं. मातिसचं उघड्या खिडकीचं प्रसिद्ध चित्र आता वॉशिंग्टनला आहे. गावात त्या-त्या जागी चित्रांच्या प्रतिकृती लावल्या आहेत. समोर प्रतिकृती आणि मागे प्रत्यक्ष दृश्य, असं ताडून बघता येतं. हे फिरणं मला मनापासून आवडतं, कारण चित्रकाराने काय सोडलं आणि काय बदललं ते तिथेच कळतं.

खारवलेल्या अँकोव्हीची परंपरा इथे अजून जिवंत आहे. हा मांदेलीच्या नात्यातला मासा. दोन जुनी घराणी आजही तो मिठात मुरवतात आणि बायका हाताने त्याचे काटे काढून फाका वेगळ्या करतात. स्पॅनिश कवी आंतोनियो माचादो यादवी युद्धातून निसटून इथे आला आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये इथेच वारला. गावातल्या त्याच्या कबरीवर आजही लोक चिठ्ठ्या ठेवतात.

चित्रकार आल्यामुळे कोळ्यांचं भलं झालं का?

याचं उत्तर मिश्र आहे. मॉडेल म्हणून बसण्याचे, खोल्या भाड्याने देण्याचे पैसे मिळाले. बंदर ओस पडलं तेव्हा पर्यटनाने गाव तगलं. पण चित्रकारांमागून पर्यटक आले, पर्यटकांमागून सुट्टीची घरं घेणारे आले आणि कोळ्याच्या मुलाला त्याच गल्लीत घर परवडेनासं झालं. सेंट आइव्ह्जमध्ये २०१६ च्या मे महिन्यात सार्वमत झालं. नवी घरं फक्त बारमाही राहणाऱ्यांनाच मिळावीत, या बाजूने ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. मला लोकांचा तो राग पूर्णपणे रास्त वाटतो. म्हणूनच शक्य असेल तर बारमाही चालणाऱ्या छोट्या हॉटेलात किंवा स्थानिक कुटुंबाच्या खोलीत उतरा, मासा धक्क्यावरच्या दुकानातून घ्या.

कधी आणि कसं जायचं?

स्कागेनला जून ते ऑगस्ट. २३ जूनच्या रात्री किनाऱ्यावर होळ्या पेटतात, क्रोयरने त्याही रंगवल्या आहेत. सेंट आइव्ह्जला सप्टेंबर उत्तम, ऑगस्टमध्ये गल्ल्यांतून चालवत नाही. कोल्यूरला मे-जून किंवा सप्टेंबर.

लंडनच्या पॅडिंग्टनवरून सेंट अर्थपर्यंत रेल्वेला सुमारे पाच तास लागतात. तिथे गाडी बदला आणि सेंट आइव्ह्जकडे जाताना उजव्या बाजूच्या खिडकीत बसा. गाडी अगदी समुद्राच्या कडेने जाते. मोटार घेऊन जाऊ नका, पार्किंग मिळत नाही. स्कागेनला कोपनहेगनवरून आल्बोर्ग आणि फ्रेडरिक्सहाउन असं रेल्वेने जाता येतं. अख्खा दिवस मोडतो. कोल्यूरला पेर्पिन्याँवरून लोकल गाडीने अर्ध्या तासाच्या आत पोहोचता येतं. डेन्मार्क आणि फ्रान्सला शेंगेन व्हिसा चालतो, ब्रिटनचा वेगळा काढावा लागतो.

आम्ही अमेरिकेत राहतो. तिकडे असं गाव आहे का?

प्रॉव्हिन्सटाउन. मॅसॅच्युसेट्समध्ये केप कॉडच्या टोकाला. इथले कोळी बहुतेक पोर्तुगीज वंशाचे. चार्ल्स हॉथॉर्नने १८९९ मध्ये चित्रशाळा काढली आणि विद्यार्थ्यांना धक्क्यावर, भर उन्हात रंगवायला बसवलं. १९१६ मध्ये यूजीन ओनीलचं नाटक पहिल्यांदा रंगलं तेही इथल्या धक्क्यावरच्या जुन्या मासळीच्या गोदामात. जूनअखेर बोटींना आशीर्वाद देण्याचा सोहळा असतो. आपल्या नारळी पौर्णिमेला कोळीवाड्यात सजलेल्या होड्या पाहिल्या असतील तर मुद्दाम तेव्हाच जा. उन्हाळ्यात बॉस्टनवरून बोट दीड तासात पोहोचवते.

शाकाहारी माणसाचं तिथे कसं होणार?

कॉर्नवॉलमध्ये चीज-कांद्याची पेस्टी सगळीकडे मिळते. ती उघड्यावर खाताना वर लक्ष ठेवा, तिथले सीगल हातातून घास पळवतात. कोल्यूरला भाज्या, फळं, पाव उत्तम. स्कागेनला पर्याय कमी, स्वयंपाकघर असलेली खोली घ्या.

भारतात असं एखादं गाव आहे का?

चेन्नईजवळचं चोळमंडल. मद्रासच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य के. सी. एस. पणिक्कर यांनी १९६६ मध्ये इंजंबाक्कम इथे, समुद्रालगत, कोळ्यांच्या वस्तीशेजारी ते उभं केलं. इथे क्रम उलटा आहे. रिकाम्या माळ्यांत चित्रकार शिरले नाहीत, तर त्यांनी बाटिक आणि हस्तकलेच्या वस्तू विकून आलेल्या पैशांतून जमीन घेतली आणि घरं बांधली. कोणाच्या मदतीवर न जगता चित्रं काढता यावीत, ही त्यामागची जिद्द होती. तिथलं संग्रहालय मद्रासच्या कलाचळवळीची ओळख करून देतं. फोर्ट कोचीही बघा. २०१२ पासून तिथे बिनाले भरते आणि चिनी जाळी प्रदर्शनापासून हाकेच्या अंतरावर आहेत.

मुंबईत ससून डॉकवर २०१७ मध्ये गोदामांत कलाप्रकल्प भरला होता. कोळी समाजातल्या लोकांचे मोठमोठे फोटो तिथे लागले आणि एरवी त्या वासाने नाक मुरडणारे लोक रांगा लावून आत गेले. जे.जे.ची मुलं तर तिथे कायम स्केचिंग करत आली आहेत.

मला स्वतः चित्रं काढायची आहेत. धक्क्यावर बसता येतं का?

येतं, फक्त लिलाव आणि मालाची चढ-उतार चालू असताना वाटेतून बाजूला बसा. जाळ्यावर पाय देऊ नका, होडीत विचारल्याशिवाय चढू नका. एखाद्याचा चेहरा काढायचा असेल तर आधी विचारा आणि झाल्यावर कागद त्याला दाखवा. जलरंग नेत असाल तर कागद पाटीला चारही बाजूंनी चिकटवून न्या, या चारही गावांत वारा कागद उडवतो. सेंट आइव्ह्जमध्ये स्कूल ऑफ पेंटिंग आहे, नवशिक्यांसाठी छोटे वर्ग असतात. नोंदणी आधीच करा, उन्हाळ्यातल्या जागा लवकर भरतात.